सुटकेचा दिवस

गर्दाच्या किंवा तत्सम अफूजन्य द्रव्याच्या अतिमात्रेने जो मनुष्य प्राणास मुकतो, त्याच्या शेवटच्या घटकांत पुष्कळदा त्याच्याजवळ कोणी ना कोणी असते : पुलाखाली त्याच पन्नीवर झुकलेला सोबती, भिंतीपलीकडे पोळ्या लाटणारी आई, किंवा ‘घोरतोय, झोपू दे’ म्हणून अंगावर चादर ओढून निघून गेलेला भाऊ. ते घोरणे म्हणजे श्वास कोंडत चालल्याचा आवाज आहे, ओठ निळसर पडणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही मृत्यूची पूर्वसूचना आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही कोणी कधी सांगितलेले नसते. अशा माणसांच्या हाती समाजाने काय द्यावे, आणि ज्याने आपण होऊन हे विष जवळ केले त्याच्यासाठी सरकारी तिजोरीतून किती खर्च करावा, या प्रश्नावर शेजारच्या घरी एका सायंकाळी जो वाद झाला, तो येथे नोंदून ठेवीत आहे. वादी-प्रतिवादी दोघेही आपापल्या जागी अधिकारी होते. मामा सत्र न्यायाधीशाच्या पदावरून निवृत्त झालेले, अमली पदार्थांचे खटले वर्षानुवर्षे चालविलेले. भाची मनोविकारतज्ज्ञ, मुंबईत गर्दुल्ल्यांना पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रात काम करणारी. मी श्रोता होतो, आणि श्रोत्याला जेवढा पक्षपात क्षम्य असतो तेवढा माझ्या ठायी होता.

मामा : मला आधी एवढेच सांग की, ज्या पदार्थाची पाच ग्रॅम पुडी खिशात सापडली म्हणून मी माणसे तुरुंगात पाठविली, त्याच कुळातला पदार्थ तुझ्या केंद्रात रोज सकाळी सरकारी खर्चाने वाटला जातो, हे खरे की नाही?

भाची : खरे आहे. त्याचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७-०८ पासून ते आपल्या कार्यक्रमात घेतले, कारण सुया वाटून घेणाऱ्यांत एचआयव्हीचा प्रसार थांबवायचा तर सुईची गरजच कमी करावी लागते. वाटले जाते हा शब्द मात्र तुम्ही एकदा येऊन पाहाल तर वापरणार नाही. परिचारिका गोळी कुटून तिची पूड माणसाच्या जिभेखाली ठेवते; तो बाकावर तोंड मिटून, मान किंचित खाली घालून, लाळ न गिळता ती विरघळेपर्यंत बसतो; मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवितो, आणि तेव्हा कोठे नोंदवहीत त्याच्या नावापुढे खूण होते. ही हजेरी लावून कोणी हमालीला जातो, कोणी रिक्षा काढतो, कोणी भंगाराची गोणी उचलतो. गर्द जो उन्माद देतो तो या औषधात नाही. ते मेंदूतल्या त्याच जागा धरून बसते, टर्की, म्हणजे नशा तुटल्याची तळमळ, लागू देत नाही, आणि त्याच्या परिणामाला वरची मर्यादा असल्यामुळे नुसत्या त्याच्याने श्वास सहसा बंद पडत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या, म्हणजे आमच्याकडे ज्यांना ‘बटण’ म्हणतात त्या, वर घेतल्या तर गोष्ट वेगळी.

मामा : म्हणजे व्यसन गेले नाही, धनी तेवढा बदलला. पूर्वी पेडलर होता, आता सरकार. मी काढलेल्या हुकमांची रद्दी माझ्याच दारावरून पुड्या बांधायला गेल्यासारखे मला हे वाटते.

भाची : सरकार हा धनी नवा नाही, मामा. तुमच्या वडिलांच्या तरुणपणी आबकारी खात्याच्या दप्तरी अफू खाणाऱ्यांची नावे नोंदलेली असत, आणि परवान्यावर त्यांना ठरावीक अफू मिळे. त्याच्याही आधी गिरणगावातल्या कामकरी आया पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना बाळगोळी चारीत, म्हणजे अफूच, हे तुम्हांला ठाऊक आहे. १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत ही खाण्याची अफू बंद करायचे ठरविले, तेव्हाही जुन्या व्यसनी माणसांना एका रात्रीत तोडले नाही. नोंद केली, मात्रा दिली, मुदत दिली.

मामा : मुदत दिली, हेच तर मी म्हणतो! १९५९ ही त्या व्यवस्थेची सीमा होती. तुझ्या गोळीला अशी सीमा कोठे आहे? आणि आता मला मधुमेहाचे उदाहरण देऊ नकोस. तुम्ही सगळे डॉक्टर या ठिकाणी आलात की इन्सुलिनची बाटली काढता.

(भाची हसली. हे उदाहरण तिच्या जिभेच्या टोकावर होते, असा माझा कयास आहे.)

भाची : बरे, उदाहरण देत नाही, अनुभव सांगते. जो उपचारात टिकतो त्याच्या मरणाचा धोका, उपचाराबाहेर राहिलेल्यांच्या मानाने, निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. ही गोष्ट निरनिराळ्या देशांतून इतक्यांदा तपासली गेली आहे की, तिच्याविषयी आता जाणत्यांत वाद राहिलेला नाही. १९६५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वांडर या डॉक्टरांनी मेथाडोनचे प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून हे दिसत आले आहे. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मुदत संपली म्हणून औषध काढून घेतले की, बहुतेक माणसे पुन्हा पुडीकडे जातात. काहींची मात्रा हळूहळू उतरविता येते, काहींची येत नाही; कोणाची येईल हे कॅलेंडर ठरवीत नाही.

मामा : आणि तुमच्या शास्त्रावर मी विश्वास ठेवावा! अमेरिकेत हा वणवा पेटविला कोणी? चोरट्यांनी नव्हे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी. १९९६ साली एका कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले, त्याचे व्यसन फारसे लागत नाही असा डांगोरा पिटला, आणि सुशिक्षित, पांढरपेशे डॉक्टर पाठदुखीला, दाढदुखीला ते लिहून देऊ लागले. परड्यू फार्मा या कंपनीने पुढे न्यायालयात दोनदा गुन्हा कबूल केला, २००७ आणि २०२० साली. तोवर किती घरे उठली असतील!

भाची : हा आरोप मला मान्य आहे, आणि तो कमी करून सांगण्याची माझी इच्छा नाही. परंतु पुढचा अध्यायही वाचा. चिठ्ठ्या आवळल्या, गोळ्या महागल्या, पण ज्यांना व्यसन लागून चुकले होते त्यांच्यासाठी उपचाराची सोय तेवढ्या वेगाने वाढविली गेली नाही. ती माणसे हेरॉइनकडे वळली, आणि हेरॉइनच्या मागोमाग फेंटॅनिल आले, ज्याचे काही मिलिग्रॅम जीव घेण्यास पुरतात. २०२२ साली त्या देशात सर्व अमली पदार्थांच्या अतिमात्रेने लाखाहून अधिक माणसे मेली. पुरवठ्याच्या नळाला बूच मारून तहान जात नाही, एवढे तरी त्या देशाने स्वतःच्या खर्चाने सिद्ध करून ठेवले आहे.

येथे मामांनी पानाचा डबा पुढे ओढला, तळहातावर तंबाखूची चिमूट घेऊन अंगठ्याने चुना लावला, आणि भाचीची दृष्टी त्या अंगठ्यावर पडलेली पाहून मुद्दाम सावकाश मळला. दोघेही त्याविषयी काही बोलले नाहीत. मग मामा ज्या विषयाकडे वळले तो त्यांच्या जिव्हाळ्याचा होता, आणि माझ्या मते त्या सायंकाळी त्यांच्या बाजूचे सर्वांत वजनदार बोलणे तेच होते.

मामा : गोळीने जे होत नाही ते माणसाने होते, हे आपल्या पुण्याने दाखविले आहे. १९८६ साली अनिल अवचटांची ‘गर्द’वरची लेखमाला गाजली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे होऊन पैसा दिला, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉक्टर अनिता अवचटांनी मुक्तांगण उभे केले. तेथे काय होते? पस्तीस दिवस माणूस राहतो, झाडू मारतो, भांडी घासतो, गाणी म्हणतो, आपली कहाणी चारचौघांत सांगतो. त्याला सांभाळणाऱ्यांत कितीतरी जण पूर्वी स्वतः व्यसनी होते. त्याची जी बायको सर्वस्व गमावून बसली आहे, तिलाही तेथे बसवून घेतात, तिचे ऐकतात. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ पासून कृपा फाउंडेशन चालविले. आठवड्याच्या सभा घेणारे नार्कोटिक्स अनॉनिमसवाले चर्चच्या खोलीत, शाळेच्या वर्गात जमतात, वर्गणीची सक्ती नाही, नाव-गाव विचारणे नाही. याला मी समाजाची साधनसामग्री म्हणतो. तुझी गोळी ही खात्याची साधनसामग्री आहे. तिच्यात माणूस माणसाला भेटत नाही.

भाची : भेटतो, पण तुम्ही म्हणता तितका भेटत नाही, हे कबूल. आमच्या केंद्रात एक समुपदेशक आणि त्याच्यापुढे रांग. नोकरीची, राहत्या जागेची, तुटलेल्या नात्यांची बाब त्या रांगेत कोठे बसवायची? ज्या केंद्रांत गोळीखेरीज काहीच उरत नाही ती केंद्रे मलाही उदास वाटतात. आणि तुम्ही मुक्तांगणाचे नाव घेतले म्हणून दुसरी बाजूही सांगते : त्याचा कित्ता न गिरवता, गल्लीबोळांत पाटी लावून, माणसाला साखळीने खाटेला बांधणारी, मारझोड करणारी ‘केंद्रे’ आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे व्यसनमुक्तीच्या आस्थापनेची नोंदणी आवश्यक आहे; घरच्यांनी पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागावा. पण मामा, ज्या केंद्रांत सर्व काही उत्तम आहे, त्यांच्याही संबंधात मला एक भय वाटते. ते त्या पस्तीस दिवसांचे नाही, छत्तिसाव्याचे आहे.

मामा : म्हणजे?

भाची : शरीराला सवय होते, तशी ती उतरतेही. जो मनुष्य रोज चार पुड्या पचवीत होता त्याने महिनाभर काही घेतले नाही की, त्याच्या श्वासकेंद्राची सहनशक्ती नवख्याची होते. मनाला मात्र जुनाच हिशेब आठवतो. केंद्रातून बाहेर पडल्यावर एखाद्या वाईट संध्याकाळी तो जुन्या अड्ड्यावर जातो, जुन्याच मापाने घेतो, आणि उठत नाही. घरचे म्हणतात, सुधारला होता हो! सुधारला होता म्हणूनच गेला. आणि जे केंद्रातून सुटणाऱ्याचे, तेच तुरुंगातून सुटणाऱ्याचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा मागोवा घेऊन २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला.

मामा काही वेळ बोलले नाहीत. जामिनाच्या हुकमावर सही करणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकताना काय वाटले असेल, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून वाचण्याचा प्रयत्न केला नाही. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो मात्र वकिलाचा नव्हता.

मामा : आम्ही मुचलका लिहून घेत असू, पत्ता लिहून घेत असू, ठाण्यावर हजेरी लावण्याची अट घालीत असू. ही गोष्ट त्याला किंवा त्याच्या आईला सांगावी असे कोणत्याही शिरस्त्यात नव्हते. सांगितले असते, तर त्या आईने काय करायचे होते?

भाची : आधी ओळखायचे. हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या हाडावर मुठीने रगडून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, तर झोप नव्हे. १०८ वर फोन करायचा, तोंडातले काढून श्वास द्यायचा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. आणि जवळ असेल तर नॅलोक्सोन द्यायचे. हे १९६१ साली पेटंट झालेले औषध आहे. अफूवर्गीय द्रव्याला मेंदूतल्या जागेवरून हुसकावून लावते, आणि काही मिनिटांत मनुष्य श्वास घेऊ लागतो. अफूजन्य काही घेतलेलेच नसेल तर ते काही करीत नाही, म्हणून चुकून दिले तरी अपाय होत नाही, व त्याची नशाही येत नाही. मात्र त्याचा अंमल अर्ध्या ते दीड तासात उतरतो, अंगातले विष त्याहून अधिक टिकू शकते. तेव्हा इस्पितळ चुकत नाही.

मामा : आता माझी शंका ऐक. उतारा उशाशी आहे हे कळले, तर तो अधिक निर्धास्तपणे घेणार नाही काय?

भाची : उतारा घेऊन उठलेला माणूस तुम्ही पाहिलेला नाही. तो आभार मानीत नाही. घामाघूम होऊन, ओकाऱ्या काढीत, ‘कशाला उठवलंस’ म्हणून शिव्या देत उठतो, कारण एका क्षणात त्याला पुरी टर्की लागलेली असते. त्या अनुभवाच्या भरवशावर कोणी जास्त घेत नाही. शिकागोत १९९६ पासून व्यसनी माणसांच्याच हाती हे औषध देण्यास एका संस्थेने आरंभ केला, तेव्हा हीच शंका निघाली होती. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शिफारस केली की, अतिमात्रा प्रत्यक्ष पाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येण्याचा संभव आहे, त्या सोबत्यांना व नातलगांना ते मिळावे. २०२३ साली अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीवाचून दुकानात ठेवण्यास परवानगी मिळाली. २०२४ मध्ये तेथले मृत्यू ८० हजारांच्या आसपास उतरले. ते सारे या एकाच औषधाचे श्रेय आहे असे मी म्हणणार नाही. आणि परदेशच कशाला? मणिपुरात, जेथे हेरॉइन सरहद्दीवरून येते आणि जेथे सुईने एका पिढीचा बळी घेतला, तेथे इंफाळच्या ‘सासो’सारख्या संस्था पूर्वीच्या व्यसनी माणसांनीच उभ्या केल्या, आणि तेथील कार्यकर्त्यांनी वस्तीवर जाऊन हे इंजेक्शन देऊन माणसे वाचविली आहेत. आपल्या इकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीचे, इस्पितळाच्या कपाटातले औषध राहिले आहे. आणि २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय द्रव्यांच्या वापराने ज्यांना मदतीची गरज आहे असे देशात सुमारे ७७ लाख लोक आढळले. त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

मामा : औषध दिलेस, विद्या दिलीस, पण फोन कोण करणार? सोबत्याच्या खिशातही पुडी असते. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम २७ खाली नुसत्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद आहे. कलम ६४-अ चे संरक्षण आहे, पण ते स्वखुशीने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी आरोपीला. दुसऱ्यासाठी रुग्णवाहिका बोलावणाऱ्याला नव्हे.

भाची : तुमच्यापुढे ६४-अ चे अर्ज किती आले?

मामा : फारच थोडे. वकिलांनाच ते कलम आठवत नसे. (थोडे थांबून) पण एक मार्ग आहे. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागत असे, म्हणून लोक तोंड फिरवून जात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मदतनिसाच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्याच धर्तीवर, अतिमात्रेची वर्दी देणाऱ्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला भरू नये, एवढी दुरुस्ती करण्यास संसदेला अवघड काय आहे?

भाची : अमेरिकेत न्यू मेक्सिकोने २००७ साली असाच कायदा केला, आणि मागोमाग बहुतेक राज्यांनी.

मामा : मला न्यू मेक्सिकोचा दाखला नको, आमचा आहे तो पुरे! आणि तुरुंगाचेही ऐक. २००८ साली तिहारमध्ये ब्युप्रेनॉर्फिन सुरू झाले असे मी वाचले होते, तेव्हा मला ते आवडले नव्हते. कैद्याला आत ते चालू असेल तर सुटण्याच्या दिवशी त्याची सहनशक्ती अगदीच उतरलेली नसणार, हे आज तुझ्या बोलण्यावरून ध्यानात येते. तरीही जन्मभर गोळी, हे मला पटलेले नाही, ते तसेच लिहून ठेव.

हे शेवटचे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारले, म्हणून त्यांच्या इच्छेप्रमाणे लिहून ठेवले आहे. माझा कौल विचाराल तर गोळीच्या बाबतीत तो भाचीकडे आणि कायद्याच्या बाबतीत मामांकडे जातो; मुक्तांगणाच्या बाबतीत तो मामांकडे जातो, परंतु छत्तिसाव्या दिवसाची तरतूद वजा जाता नव्हे. त्या दिवसापुरते दोघेही एका मतावर आले. तुरुंगातून सुटणाऱ्या किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, सुटकेच्या कागदासोबत, एक पानभर मराठी मजकूर द्यावा, तो त्याच्या घरच्यांना वाचून दाखवावा, आणि जेथे डॉक्टर आहे तेथे नॅलोक्सोन लिहून देऊन ते टोचायचे कसे हे शिकवावे, असा अर्ज मामा स्वतः तयार करणार आहेत. तो कोणत्या खात्याकडे जाईल, गृह की आरोग्य की सामाजिक न्याय, यावर मी निघालो तेव्हा त्यांचा नवा वाद सुरू झाला होता.

ज्या वाचकाच्या घरी असे कोणी आहे त्याने त्या अर्जाच्या निकालाची वाट पाहू नये. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनी १४४४६ हा आहे. आणि माणूस हाकेला उठत नसेल, तर आधी १०८.